पृथ्वी गुळगुळीत करताना

कागदाला गोल व्हायचं नसतं. सुरळी कर म्हटलं तर तो आनंदानं होतो, घडी घाल म्हटलं तर घालून घेतो, थोडं समजावलं तर शंकूही होतो. पण एकाच वेळी दोन्ही अंगांनी वाक म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. कणकेचा गोळा दोन तळव्यांत फिरवला की होतो, तसं कागदाचं नाही. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एक अख्खा हिवाळा घालवून कळलेलं आहे, आणि त्या हिवाळ्यात मी घरातल्या सगळ्यांवर ओरडून घेतलं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या गावाहून, किन्हीराजाहून, स्कूटीवर जाऊन येण्यासारखी शाळा आहे. वर्गात दाखवायला मी पहिल्यापासून कागदाची मॉडेलं करत आले. दवाखाना केला, बाजार केला, माझ्या माहेरचं म्हणजे अनसिंगचं बसस्टँड तर फलाटावरच्या बाकड्यांसकट केलं. चौकोनी वस्तूंत माझा हात धरणारं आसपास कोणी नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. गोल वस्तू मात्र मी टाळत आले होते. चंद्र पाहिजे असला तर पांढऱ्या कार्डशीटची चकती कापायची आणि दोऱ्याने टांगायची. मुलांना चालायचं.

चाललं नाही ते माझ्या नणंदेला.

माझी नणंद माझ्याहून लहान, तिशी ओलांडलेली. तान्ही असताना अंगावर गोवर निघाला आणि डोळे गेले. तिला अंधारही दिसत नाही, उजेडही दिसत नाही. घरात ती माझ्यापेक्षा वेगानं वावरते. भाकरी तिचीच चांगली होते, कारण तव्यावर भाकरी कधी फुगली हे तिला आवाजावरून कळतं, आणि मी मोबाईलमध्ये पाहत असते. तिची जीभ तिखट आहे. माझीही आहे. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं इतकं पटायचं की रोज भांडण व्हायचं.

लहानपणी तिला अमरावतीला अंधांच्या निवासी शाळेत घातलं होतं. तिथे ती चांगली रमली होती, ठिपक्यांची लिपी शिकली होती, पेटी वाजवायला लागली होती. मग माझ्या सासूबाई आजारी पडल्या, सणावाराला तिला आणायला-पोचवायला कोणी उरलं नाही, आणि सासरे म्हणाले, लांब पडते. सहावीतून तिला परत आणलं. ते मी लग्न करून यायच्या आधीचं. सासू-सासरे दोघंही आता नाहीत. पण "लांब पडते" हे शब्द घरात राहिले.

ते पुन्हा निघाले तिच्या दहावीमुळे. घरी बसून, मोबाईलवर धडे ऐकून ती बाहेरून दहावीला बसणार होती. दहावी झाली की अमरावतीलाच अंधांसाठी कॉम्प्युटर शिकवतात, तिथेच राहायचं, वर्षभराचं शिक्षण. तिथे जायचं तिनं मनात पक्कं केलं होतं. आम्हाला सांगितलं तेव्हा माझा नवरा सोयाबीनच्या कट्ट्यांची तोंडं शिवत होता. सुई न थांबवता तो म्हणाला, पाहू. मग थोड्या वेळानं म्हणाला, लांब पडते न पन. ती उठून चुलीपुढे जाऊन बसली. त्या दिवशी भाकरी करपल्या.

माझं काय होतं, तेही सांगते. तिनं जावं असं मला वाटत होतं आणि तिनं जाऊ नये असंही वाटत होतं. ती गेली तर घर ओस पडणार, संध्याकाळी शाळेतून येऊन मी भांडणार कोणाशी? नवरा भांडत नाही, तो नुसता शेतात निघून जातो. म्हणून मीही त्या विषयात "पाहू" च्या पुढे गेले नव्हते.

एका रविवारी ती ओट्यावर बसून भूगोलाचा धडा ऐकत होती. मी बाजूला तुरीच्या शेंगा सोलत होते. मोबाईलमधली बाई सांगत होती, पृथ्वी गोल आहे, तिच्यावर उभ्या आणि आडव्या काल्पनिक रेषा आहेत. नणंदेनं मोबाईल बंद केला.

"वहिनी, गोल मंजे कशी? भाकरीवानी का लाडूवानी?"

मी म्हटलं, लाडवासारखी. ती म्हणाली, मग लाडवावर रेषा कशा असतात? वर एका ठिकाणी जमतात म्हणते ही बाई, त्या कशा जमतात? मी बोलून सांगायचा प्रयत्न केला. शिकवून शिकवून मला वाटायचं की मला सगळं सांगता येतं. सांगता आलं नाही. मी शेवटी म्हटलं, जाऊ दे, पाठ कर, परीक्षेत तेवढंच विचारतात. त्यावर ती जे चिडली! जन्मभर पाठच करत आले म्हणाली. आभाळ निळं पाठ, हळद पिवळी पाठ, चांदण्या लुकलुकतात पाठ. एक तरी गोष्ट हातात धरून कळू दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी ती. मी तुरीच्या शेंगांचं सूप उचललं आणि म्हटलं, थांब, तुला पृथ्वीच करून देते.

नवऱ्याचं म्हणणं होतं की शाळेत पृथ्वीगोल आहे, तो एक दिवस घरी आण. तो मी आणलाही. तो प्लास्टिकचा आणि वर नुसती छपाई. तिच्या बोटाला समुद्रही तसाच आणि जमीनही तशीच. शेलूबाजारच्या बाजारातून एक मोठा रबरी चेंडू आणून पाहिला. त्याच्यावर खळीनं दोरा चिकटवला की वाळून सुटून यायचा. म्हणून ठरलं की कागदाचाच गोळा करायचा, कळशीएवढा, दोन्ही हातांत धरता येईल असा, आणि त्यावर दोरे चिकटवून रेषा करायच्या.

पहिला गोळा मी मोबाईलवर पाहून केला. कार्डशीटच्या लांबट पाकळ्या कापायच्या, मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या, संत्र्याच्या फोडींच्या सालीसारख्या. बारा पाकळ्या एकीला एक लावून जोडल्या की गोळा तयार. व्हिडिओतल्या माणसाचा चहा निवायच्या आत झाला होता. माझा होताना दोन स्वयंपाक लांबले. टोकं एका ठिकाणी येईनात. वर एक भोक राहिलं, खाली एक टेंगूळ आलं. पण लांबून गोल दिसत होता. मी तो कौतुकानं तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं दोन्ही तळवे त्याच्यावरून फिरवले. एकदा वरून खाली, एकदा आडवे. मग बोटाच्या टोकानं एकेक जोड चाचपला. माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे.

"ह्या शिरा कायच्या हाय? नद्या काय?"

मी म्हटलं, जोड आहेत ते. तिकडे लक्ष देऊ नको. ती म्हणाली की लक्ष देऊ नको म्हणजे काय, माझ्या बोटाला तेवढंच तर लागतं. आणि दोन शिरांच्या मधे ही सपाट आहे, गोल नाही. ही पृथ्वी नाही, हा दोडका आहे. मी तिच्याकडून तो ओढून घेतला. पण खोटं काय सांगू, मी डोळे मिटून हात फिरवला आणि मलाही दोडकाच लागला. डोळ्याला काय, डोळा पोचे पडलेल्या गोष्टीलाही गोल म्हणतो. बोट म्हणत नाही.

तेव्हापासून घरात त्या गोळ्याचं नाव दोडका पडलं. मी तो रागानं गोठ्याच्या माळ्यावर टाकून दिला.

मग शेजारच्या काकू मदतीला आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण आमच्या गल्लीत बोलावण्याची वाट कोणी पाहत नाही. आमच्याकडे बायका कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करतात. जुने कागद भिजत घालायचे, कुजू द्यायचे, त्यात मेथ्या भिजवून वाटून घालायच्या म्हणजे लगद्याला चिकटपणा येतो आणि किडा लागत नाही. मग पालथ्या माठावर तो लगदा थापायचा. वाळला की टोपली सुटून येते. काकूंच्या टोपल्या गावभर आहेत. त्या म्हणाल्या, कायले कात्र्या चालवून राह्यली व, मी तुले एका दिवसात पृथ्वी थापून देतो.

त्यांनी आपला गोल माठ घेतला आणि थापायला बसल्या. आमच्या अंगणात मेथीचा असा वास सुटला की नवऱ्याला लाडू केल्यासारखं वाटलं. थापता थापता पोट झालं, बूड झालं, आणि गोलच पाहिजे म्हणून काकूंनी तोंडावरही जाड लगदा बसवून माठ चहूबाजूंनी बंद केला. मी तिथेच उभी होते. नणंद तिथेच बसली होती. तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. पाण्याचा हात देऊन काकूंनी वरून इतकी सुंदर चापून घेतली ती पृथ्वी, की मला माझ्या बारा पाकळ्यांची लाज वाटली.

उन्हात ती दगडासारखी वाळली. टोपली सोडवायला येतात तशा काकू सोडवायला आल्या, तिला इकडून फिरवली, तिकडून फिरवली, आणि हळूच खाली बसल्या. माठ आत होता. टोपलीला तोंड असतं, पृथ्वीला नसतं.

"माहा माठ," काकू म्हणाल्या.

आम्ही किती हसलो ते सांगता येत नाही. नणंद तर हसता हसता ओट्यावरून घसरली. शेवटी नवऱ्यानं करवतीचं पातं आणून पृथ्वी मधोमध कापली आणि माठ बाहेर काढला. माठाच्या पोटाला एक चरा पडला, पण तो फुटला नाही. दोन अर्ध्या जोडून पाहिल्या, तर नणंद म्हणाली, ही बुडाला बसलेली आहे आणि वर मान आहे, हा माठच आहे. काकूंना ते पटलं. त्यांनी दोन्ही अर्ध्या घरी नेल्या. एका अर्ध्या पृथ्वीत त्या लसूण ठेवतात, दुसरीत पोथीच्या दिवशी फुलं आणतात.

यातून मला दोन गोष्टी कळल्या. जोड दिसू नये असं वाटत असेल तर लगदाच पाहिजे. आणि गोल पाहिजे असेल तर पाकळ्याच पाहिजेत. म्हणजे दोन्ही पाहिजे.

तिसऱ्या गोळ्याच्या वेळी मी घाई सोडली. हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते मलाच ठाऊक. पाकळ्या पहिल्यापेक्षा अरुंद केल्या, कारण पाकळी जितकी अरुंद तितका दोन जोडांमधला सपाटपणा कमी. कागद कार्डशीटपेक्षा नरम घेतला. प्रत्येक पाकळीला आधी पाण्याचा हात लावायचा, घडी घातलेल्या वाकळीवर ठेवायची आणि पळीच्या पाठीनं आतल्या बाजूनं घोळवायची. मधून कडेकडे, परत मधून कडेकडे. जोर दिला की फाटते, नाही दिला की ढिम्म राहते. मधला जोर सापडला की ओला कागद हळूहळू खोलगट होतो, तळहातावर पाणी घ्यायला आपण ओंजळ करतो तसा. कागद दोन्ही अंगांनी वाकत नाही हे खरं, पण ओला असताना थोडं ऐकतो. वाळला की मग आपली समजूत बदलत नाही.

अशा वाकलेल्या पाकळ्या जोडल्यावर दोडका झाला नाही. टरबूज झालं म्हणा. जोड होते, पण उभे राहिलेले नव्हते.

त्यावर मैद्याच्या खळीनं वर्तमानपत्राचे तुकडे. इथे माझी एक मोठी चूक होत होती. मी कात्रीनं पट्ट्या कापून लावत होते, व्यवस्थित, एका मापाच्या, कारण शाळेच्या बाईंना सगळं व्यवस्थित लागतं. आणि नणंदेच्या बोटाला प्रत्येक पट्टीची कड लागत होती. ती म्हणायची, इथं पायरी हाय, इथं बी हाय. मी म्हणायचे, नाहीये. मग मी डोळे मिटून पाहायचे, पायरी असायची. एकदा संतापून मी हातातला कागद टराटरा फाडला आणि तोच फाटका तुकडा चिकटवून टाकला. तिनं हात फिरवला आणि विचारलं, इथं काही लावलं का? कापलेल्या कागदाची कड उभी राहते. फाडलेल्याची विरळ होत जाते आणि खालच्या कागदात मिसळते. माझ्या रागाचा घरात झालेला हा एकच उपयोग, असं नवरा म्हणतो.

एक थर उभा, एक थर आडवा, प्रत्येक थर वाळला की पुढचा. थंडीचं ऊन चांगलं कोरडं असतं. तुरी काढणीला आल्या तोवर थर पुरे झाले. मग शाळेतल्या खडूंचे उरलेसुरले तुकडे कुटून वस्त्रगाळ भुकटी केली, ती बाभळीच्या डिंकात कालवली आणि तिचा लेप दिला. लेप वाळला की पॉलिश पेपरनं घासायचं.

घासणं नणंदेनं आपल्याकडे घेतलं. नुसत्या हातानं घासलं तर सपाट जागा घासून अजून सपाट होते, असा घासण्याचा खोडसाळपणा आहे. त्यावर तोड म्हणून मी एका स्टीलच्या डब्याच्या तोंडाला आतून पॉलिश पेपर चिकटवून दिला. डबा मांडीत धरायचा आणि त्याच्या तोंडावर गोळा फिरवत राहायचा, सगळ्या बाजूंनी. गोल वस्तू डब्याच्या गोल तोंडावर कुठूनही सारखी बसते. जिथे उंचवटा असेल तिथेच पेपर लागतो आणि खर्र आवाज येतो. ती आवाज ऐकायची. कानात धडा चालू असायचा, उपग्रह, ऋतू, भरती-ओहोटी, आणि हातात पृथ्वी फिरत असायची. तिचं सगळं अंग खडूनं पांढरं व्हायचं. काकू येता-जाता म्हणायच्या, पीठ दळून राह्यली का व तू? ती म्हणायची, हो, पृथ्वीचं.

आवाज खर्र वरून सर्र वर आला. मग सर्र ही एकसारखा झाला. एका दुपारी तिनं मला हाक मारली आणि गोळा माझ्या हातात दिला. मी डोळे मिटून पाहिलं. कुठेच काही नव्हतं. सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, जोड नव्हता. गालाला लावून पाहिला, थंड होता. खरं सांगते, मला रडू आलं. शाळेत मला त्या वर्षी प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं, त्याचं काही नव्हतं, पण ह्याचं आलं.

मी म्हटलं, झाली तुझी पृथ्वी. तिनं ती परत घेतली, खूप वेळ फिरवली. आणि तिचं तोंड उतरत गेलं.

"वहिनी, आता हातात काहीच लागत नाई. मी कुठं हाय हे समजाले काही तरी लागलं पाह्यजे न."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस शिरा नको, पायऱ्या नको म्हणून माझा जीव खाल्ला आणि आता म्हणते काही लागत नाही. मी बरंच बोलले. ती शांतपणे उठली, आत गेली आणि खाटेखालून काहीतरी ओढून घेऊन आली. दोडका. माळ्यावरून तो तिनं कधी काढला, मला पत्ताही नव्हता.

दोडका मांडीत घेऊन तिनं एका शिरेवर बोट ठेवलं आणि खालपासून वरपर्यंत नेलं. मग दुसरीवरून. सगळ्या शिरा वरच्या भोकाशी जाऊन मिळत होत्या. ह्याच का त्या उभ्या रेषा, तिनं विचारलं. ह्या अशा वर एका जागी जमतात?

मी तिच्याजवळ जाऊन बसले. हिवाळाभर ज्या शिरा घालवायला मी धडपडले, त्याच तर तिला पाहिजे होत्या. फक्त जिथे राहून गेल्या तिथे नाही, जिथे असायला पाहिजेत तिथे. दोडक्यावर त्या जोडांमुळे आपोआप आल्या होत्या. गुळगुळीत गोळ्यावर त्या आपल्याला हव्या तिथे आणता येणार होत्या. पाटी कोरी असल्याशिवाय लिहिता येत नाही, एवढं तरी मला शिक्षिका म्हणून कळायला हवं होतं.

मग नकाशाची वही घेऊन, मापून मापून, आम्ही दोरे लावले. उभ्या रेषांना बारीक दोरा, मधल्या विषुववृत्ताला जाड सुतळीचा एक पदर, जमिनीच्या कडांना मेणकापडाची बारीक किनार, हिमालयाला लगद्याचा उंचवटा. भारत तिनं एका संध्याकाळी दहा वेळा तरी शोधला आणि दर वेळी सापडला की हसली. समुद्र किती आहे ह्याचा तिला धक्का बसला. इतकं पाणी आहे तर आमच्या नळाला काहून येत नाही, असं तिनं विचारलं.

शेवटी ती म्हणाली, ज्वारीचे दोन दाणे लाव. एक आपल्या गावाचा. आणि एक अमरावतीचा.

नवरा तेव्हा ओट्याच्या पायरीवर बसून जेवणाआधी हातपाय धुऊन पुसत होता. त्यानं अमरावतीचं नाव ऐकलं, पण मान वर केली नाही.

मी पहिला दाणा खळीत बुडवून किन्हीराजाच्या जागी बसवला. मग अमरावतीसाठी माप घेतलं. परत घेतलं. पट्टी घेतली, नकाशा घेतला, दोरा घेतला, आणि मग दुसरा दाणा तसाच चिमटीत धरून बसले. ती विचारत होती, काय झालं? मी सांगितलं की दुसऱ्या दाण्याला जागा नाही. आपल्या गोळ्यावर अमरावती पहिल्याच दाण्याखाली येते.

तिला आधी पटेना. तिनं दाण्यावर बोट ठेवलं. मग बोटाच्या टोकानं दाण्याची ही कड चाचपली, ती कड चाचपली. मग म्हणाली, भाऊ, इकडं ये, बोट दे. तो उठून आला. तिनं त्याचं बोट धरून दाण्यावर ठेवलं.

"हे आपलं गाव हाय. आता अमरावतीले ने."

त्याचं बोट हललं नाही. शेतात राबलेलं जाड बोट, त्याच्याखाली तो दाणा दिसतही नव्हता. मी त्याला सांगितलं की तुम्ही दोन्हीकडे बोट ठेवून आहात.

"मंग लांब काय पडते, भाऊ?" तिनं विचारलं. तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

तो तिच्या बाजूला टेकला. मग त्यानं सांगितलं ते मी लग्नानंतर इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. तिला शाळेतून परत आणायला सासऱ्यांनी त्यालाच पाठवलं होतं. तेव्हा त्याला नुकत्या मिशा फुटत होत्या. अमरावतीहून कारंज्याची गाडी, कारंज्याहून शेलूबाजार, तिथून जीप. कारंज्यापर्यंत ती रडत आली. गाडीतली माणसं वळून वळून पाहत होती आणि त्याला काय करावं ते कळत नव्हतं.

"तवापासून मले तो रस्ता लांबच वाटते," तो म्हणाला.

ती थोडी हसली. "रडत त मी होती. तुले काय झालं होतं?"

"तुले काय मालूम," तो म्हणाला. "मी आवाज काढला नोहता."

तिनं गोळ्यावरचा हात उचलला, चाचपडत त्याच्या चेहऱ्याकडे नेला आणि गालावरून एकदा फिरवला, जोड शोधताना फिरवायची तसाच. मी दुसरा दाणा परत ज्वारीच्या डब्यात टाकला आणि ताटं वाढायला आत गेले.

ती दहावी झाली. भूगोलात बरे मार्क पडले, गणितात काठावर. आता मोठा रस्ता झाला आहे, शेलूबाजारातून गाडीत बसलं की फार वेळ लागत नाही. तिला सोडायला तोच गेला. गोळा न्यायला ती नाही म्हणाली, हॉस्टेलात जागा कुठे. दोडका मात्र पिशवीत घालून घेऊन गेली.

संध्याकाळी तो परत आला, चप्पल काढली, पाणी मागितलं. मी विचारलं, रडली का ती? तो म्हणाला, नाही, ती आत गेली न् एका मिनिटात कोणाशी तरी भांडायलाही लागली. मग तो ओट्यावर बसला आणि पृथ्वी मांडीवर घेतली. दाण्यावर बोट ठेवून बसला होता. मी चहा आणून ठेवला, तो निवून गेला तरी त्यानं बोट उचललं नाही.